सगळं गाव मावेल असा कॅमेरा

९ एप्रिल

आज महिला समितीच्या फालेत, म्हणजे चारी बाजूंनी उघड्या सभाघरात, बसल्या बसल्या माझ्या गळ्यात कॅमेरा पडला. म्हणजे कॅमेरा अजून यायचाय. तो निवडायचं काम पडलं.

झालं असं, की ईस्टरला राजधानी आपियाहून बोलावलेल्या फोटोवाल्याला दुपारच्या फेरीबोटीने परत जायची घाई होती. त्याने काढलेले फोटो आज आले. गायकांच्या फोटोत मागच्या रांगेला मुंडकी नाहीत. दुसऱ्या एकात पाद्रीणबाईंच्या टोपीवरचं फूल आहे, खाली पाद्रीणबाई नाहीत. मोएलांगी आत्याने एकेक फोटो चटईवर पत्त्यासारखा मांडला आणि सगळ्यांना नीट बघू दिला.

"नव्या चर्चच्या अर्पण-सोहळ्याला हा माणूस या गावात पाय ठेवणार नाही," ती म्हणाली. "आपण आपला कॅमेरा घ्यायचा. बिंगो खेळून जमवलेले पैसे आहेत. निवड वाएलुपे करेल. ती ऑकलंडला होती."

"आत्या, ऑकलंडला मी इस्पितळाच्या चादरी धूत होते."

"मग? चादरी धुणाऱ्या बाईला एवढासा डागही दिसतो. या बाबाला अख्खी माणसं दिसली नाहीत."

सगळ्याजणी मांड्यांवर थापा मारून हसल्या. मी आत्याला आठवण करून दिली की पापांचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून मी आलेय, माझी रजा जूनअखेर संपते, तीस जूनचं तिकीट आहे, आणि अर्पण तर ऑगस्टमध्ये.

"निवडून दे, कुणाला तरी शिकव आणि जा," आत्या म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की मला जरा लागलंच. एकदा तरी थांब म्हणेल असं वाटलं होतं.

११ एप्रिल

पेनिटोआ आला. शाळेत माझ्या पुढे होता. नंतर आपियात एका वर्तमानपत्रासाठी फोटो काढायचा. पत्राचे मालक बदलले तसा गावी परतला. आता होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, म्हणून मी आपलं पापांना हाक मारली की बिस्किटं आलीत. डब्यात निघाल्या जुन्या कॅमेऱ्याच्या तीन लेन्स, मऊ कपड्यात गुंडाळलेल्या, आणि दमटपणा शोषायला एका मोज्यात भरलेले भाजके तांदूळ.

"ही रुंद, ही मधली, ही लांबची," त्याने पोरांची ओळख करून द्यावी तशी करून दिली. "अठ्ठावीस, पन्नास, एकशे पस्तीस. जो कॅमेरा घेशील त्याला या बसल्या पाहिजेत."

"नाही बसल्या तर?"

"तर त्या कॅमेऱ्यात काही राम नाही."

मग त्याने सेन्सरचं सांगितलं. पूर्वी जिथे फिल्म असायची तिथे आता सेन्सर असतो. काही कॅमेऱ्यांत तो जुन्या फिल्मएवढाच, काहींत तिच्या निम्म्याहून लहान.

"पावसात परात ठेवली तर जास्त पाणी साठेल की वाटी ठेवली तर?"

"परात."

"उजेडाचं तसंच."

"आणि लहान सेन्सरवर चित्र लहान होतं का?"

इथे तो अडकला. हातवारे करत राहिला. मीच मग विचार करून म्हटलं, "लेन्स पाडते ते चित्र म्हणजे डबलची चादर. मोठ्या सेन्सरवर ती पूर्ण पसरते. लहान सेन्सर म्हणजे उशीचा अभ्रा. चादरीवर अभ्रा ठेवायचा आणि तेवढंच कापून घ्यायचं. मधली फुलं येतील, काठाची वेल गेली. बरोबर?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "एवढी वर्षं फोटो काढले, मला हे असं कधी सांगता आलं नाही."

मग एकामागून एक तीन पेले कोको प्यायला. पापा झोपेतून उठेपर्यंत हलला नाही. लेन्सवर फार जीव दिसतोय त्याचा.

१६ एप्रिल

बातमी फुटली. आज लांब होडीचा नायक तोएतू आणि त्याचे वल्हेवाले समितीच्या फालेपाशी येऊन उभे. त्यांचं म्हणणं, कॅमेरा घ्यायचाच तर दूरचं दिसणारा घ्या. शर्यतीत होडी खाडीच्या पार पलीकडे असते, आजवरच्या प्रत्येक फोटोत आम्ही पाण्यावर तरंगणाऱ्या काडीसारखे दिसतो.

पाद्रीणबाई म्हणाल्या, "चर्चमध्ये उजेड कमी. आतलं दिसणारा हवा."

"पाद्रीणबाई, तुम्ही रोज चर्चमध्ये असता. शर्यत वर्षातून एकदा."

"म्हणूनच रोजचं महत्त्वाचं!"

मला हळूहळू कळायला लागलंय की दोघंही खरं बोलतायत. लहान सेन्सर मधलंच कापून घेतो, म्हणून लांबची लेन्स त्याच्यावर आणखी लांबची वाटते. होडी जवळ येईल. मोठा सेन्सर अंधारात चांगला आणि रुंद. दोन्ही एकदम हवं तर देवाने मला श्रीमंत घरात जन्माला घालायला हवं होतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. या गावात येऊन तीन महिने झाले, पण आजवर माझ्याकडे 'ऑकलंडवाली' म्हणूनच बघायचे. आज वेगळं होतं. घाबरायला झालं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

२० एप्रिल

पापा काठी घेऊन थेट धक्क्यापर्यंत चालत गेले! डॉक्टरांनी अंगणापुरतं सांगितलंय. मी रागावले तर म्हणाले, "पाय मोकळे करत होतो." कॅमेऱ्याबद्दल विचारलं तर तोंड वाकडं करतात. "फोनने काढता येत नाहीत का फोटो? उगाच खूळ."

संध्याकाळी दुकानात साखर घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, "काय, गावच्या फोटोग्राफर! पापांनी सगळ्या धक्क्याला सांगितलंय."

कुणीतरी चेष्टा केली असेल पापांची.

३ मे

सकाळच्या फेरीबोटीने आपियाला गेले. पेनिटोआ म्हणाला त्यालाही तिकडे जायचंच होतं, इंजिनाचा पट्टा घ्यायला. बरं झालं, लेन्सचा डबा त्याने सांभाळला. फेरीत मांडीवरच ठेवला होता.

दुकानात दोन कॅमेरे होते. एक लहान सेन्सरचा, हाताच्या तळव्यात बसणारा. दुसरा मोठ्या सेन्सरचा, भरीव, वजनाला चांगला टारोच्या कंदाएवढा. पेनिटोआने आपली अठ्ठावीसची लेन्स काढली आणि कॅमेऱ्याच्या तोंडाला लावली. बसेना. फिरवून पाहिली, उलटी धरून पाहिली. दुकानदार शांतपणे म्हणाला, "या कंपनीच्या माउंटवर, म्हणजे लेन्स अडकवायच्या खाचेवर, ती कशी बसेल, साहेब? मधे कडी लागेल." त्याने ड्रॉवरमधून एक धातूची कडी काढली, अडॅप्टर म्हणतात. ती लावल्यावर लेन्स टक्कन बसली. फक्त फोकस हाताने करायचा, कॅमेरा काही मदत करणार नाही.

"पूर्वी कोण मदत करायचं?" पेनिटोआ म्हणाला.

दुकानदाराने दोन्ही कॅमेरे तासभर वापरून बघायला दिले. आम्ही मासळीबाजारात गेलो, तिथे चर्चसारखाच अंधार. लहान कॅमेऱ्याला अठ्ठावीस लावली तर निम्मे ट्यूना कडेने गायब. पेनिटोआचं तोंड उतरलं. "माझी रुंद लेन्स बाईची कंबर आवळल्यासारखी झाली," म्हणाला. पण त्याच कॅमेऱ्याला एकशे पस्तीस लावून बंदराकडे पाहिलं मात्र, आणि मी ओरडलेच. पलीकडच्या गलबतावरच्या माणसाच्या हातातला पाव दिसत होता! मग मोठ्या कॅमेऱ्याला अठ्ठावीस लावली. सगळा बाजार आला, या टोकाच्या आजीपासून त्या टोकाच्या तराजूपर्यंत. आजीच्या तोंडावरच्या सुरकुत्याही.

समुद्राच्या भिंतीवर बसून डुकराच्या मांसाचे पाव खाल्ले. पेनिटोआ म्हणाला, "कॅमेरा काय, चार-पाच वर्षांनी बदलतो. लेन्स राहतात. म्हणून माउंट निवडताना जपायचं. एकदा एका घरात शिरलं की तिथलंच होऊन राहावं लागतं." आणि समुद्राकडे बघत बसला.

"तू कॅमेऱ्याबद्दल बोलतोयस की सासुरवाडीबद्दल?" मी विचारलं.

उन्हाने त्याचा चेहरा लालबुंद झाला. टोपी घालत नाही हा माणूस.

परतीच्या फेरीत चढल्यावर मला आठवलं. "अरे, पट्टा!"

"राहू दे. जुना चालेल अजून."

इतक्या लांब येऊन ज्यासाठी आलो तेच विसरायचं. इंजिनं कशी दुरुस्त करतो देव जाणे.

८ मे

ठरत नाहीये. सकाळी लहान घ्यावा वाटतो, दुपारी मोठा. मोठा घेतला तर पैसे तिथेच संपणार, लेन्स जुन्याच वापराव्या लागणार. लहान घेतला तर त्याच पैशात त्याची स्वतःची नवी लेन्सही येते. पण अंधारात दाणेदार फोटो आणि पाद्रीणबाई रविवारी माझ्याकडे बघणारसुद्धा नाहीत. मोठा घेऊन शर्यतीत काडीच दिसली तर तोएतू बघणार नाही. मी तर जूनअखेर जाणार. कुणी बघितलं नाही तरी काय फरक पडतो? पण पडतो. का ते कळत नाही.

१० मे

शेवटी आत्याकडेच गेले. ती बारीक विणीची चटई विणत होती. मी म्हटलं, "आत्या, सगळे आपापलं सांगतायत. तुला स्वतःला कसला फोटो हवाय?"

तिने हातातली ओळ पुरी केली. मग म्हणाली, "जुन्या चर्चच्या अर्पणाचा फोटो पाद्रीबाबांच्या घरात लावलाय. पाहिलायस?"

"हो. पायऱ्यांवर सगळे पाहुणे उभे आहेत तो."

"त्यात माझी आई कुठे आहे?"

मला आठवेना.

"उजव्या कडेला. पायऱ्यांच्या खाली उभी होती. तिच्या पंख्याचं टोक आलंय. किनाऱ्यावरून दगड डोक्यावर वाहिले माझ्या आईने त्या चर्चसाठी, पोटात तुझे पापा असताना. आणि फोटोत आलं काय, तर पंख्याचं टोक." तिने पट्टी घट्ट ओढली. "मला आतला फोटो हवा. आपापल्या बाकावर बसलेलं सगळं गाव. एका फोटोत. एकाचाही कान कापला जाता कामा नये."

परत येताना माझी पावलं भराभर पडत होती. रुंद लेन्स पूर्ण रुंद राहायला हवी, आणि उजेड चर्चच्या आतला. म्हणजे मोठा सेन्सर. एवढंच तर होतं. कॅमेऱ्यांकडे बघत बसले म्हणून एवढे दिवस घोळ झाला, फोटोकडे आधी बघायला हवं होतं.

तोएतूला सांगितलं. "म्हणजे आम्ही काडीच," म्हणाला आणि वल्हं खांद्यावर टाकून निघून गेला.

१९ मे

आला! समितीने त्याच्यासाठी प्रार्थना केली. प्रार्थना चालू असताना कॅमेरा माझ्या मांडीवर होता आणि मी एक डोळा उघडून त्याच्याकडे बघत होते. देव माफ करो.

आत्याने मला शिष्या दिली, माझ्यामागे फोटो काढायला. फुआरोसा. एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि बटण दाबताना दुसरा डोळा मिटते.

"आत्या, गावात दुसरं कुणी नाही का?"

"फुआरोसाची फार इच्छा आहे."

फुआरोसाला विचारलं तर म्हणाली, "मला काय माहीत बाई, मोएलांगीने पाठवलं." आणि मजेत पंख्याने वारा घेत बसली. आज तिने माझे चार फोटो काढले. चारांतही तिचाच अंगठा.

२४ मे

कॅमेऱ्याबरोबरचं पुस्तक वाचत होते, आणि एक गोष्ट सापडली! मोठ्या सेन्सरला सांगता येतं की तू फक्त मधला भाग वापर. म्हणजे चादर घातलेली असतानाच तिच्यावर अभ्रा टाकायचा. एकशे पस्तीसची लेन्स लगेच आणखी लांबची होते. बारकावे थोडे कमी भरतात, पण होडी जवळ येते. पेनिटोआला हे माहीत नव्हतं. त्याच्या काळी असं नव्हतं म्हणे. मी त्याला शिकवलं! त्याने तीनदा पुन्हा समजावून घेतलं. एरवी इतका मठ्ठ नाही तो.

धावत जाऊन तोएतूला सांगितलं. सरावाच्या वेळी किनाऱ्यावर उभी राहिले. होडी सुसाट गेली, मी फोकस फिरवतेच आहे. संध्याकाळी सगळ्यांनी फोटो पाहिले.

"लाटेचा फोटो सुंदर आलाय," तोएतू म्हणाला. "मागे ते धुकट काय आहे? आम्ही का?"

२ जून

कालच्या शर्यतीत आमची होडी चौथी आली, पण आज गावात पहिली आल्यासारखा गोंधळ आहे. कारण फोटो! पेनिटोआने युक्ती सांगितली होती की होडीच्या मागे फोकस पळवू नकोस, आधीच एका जागी लावून ठेव आणि होडी तिथे येईपर्यंत दम धर. मी पाण्यात खुणेसाठी सोडलेल्या लाल पिंपावर फोकस लावला आणि श्वास रोखून थांबले. होडी पिंपापाशी आली, दाबलं. सगळ्या वल्हेवाल्यांचे दंड, उडालेलं पाणी, आणि पुढे तोएतू, तोंड असं उघडलेलं की पडजीभ दिसतेय.

तोएतूच्या आईने तो फोटो पाहिला आणि म्हणाली, "जन्मला तेव्हा अस्साच दिसत होता."

तोएतू दोन भलेमोठे बोनिटो मासे घेऊन घरी आला. पापांनी अर्धा मासा नारळाच्या दुधात कच्चाच संपवला आणि फोटो मागून घेतला. "धक्क्यावर कुणी विचारलं तर दाखवायला," म्हणाले. उगाच खूळ म्हणत होते ना?

१२ जून

वाईट दिवस. नव्या चर्चमध्ये गेले. छप्पर झालंय, बाक आलेत, फक्त दर्शनी भिंत उभी राहायचीय. अठ्ठावीस लावून आतून फोटो काढला. खिडक्यांभोवती दूध सांडल्यासारखा पांढरा धूर. पुन्हा काढला, तेच. बाजारात असा समोरून उजेड नव्हता म्हणून कळलं नाही. लेन्स काढून उन्हाकडे धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी.

आता पेनिटोआला कसं सांगू? डब्यातली त्याची सगळ्यात लाडकी लेन्स. भाजके तांदूळ बदलत बसायचा बिचारा. आणि दुसरी रुंद लेन्स घ्यायला समितीकडे दमडी नाही. सगळ्या गावासमोर मी मोठा कॅमेरा निवडला, तो या लेन्सच्या भरवशावर.

१३ जून

सांगितलं. तो इंजिनाखाली आडवा होता. मान बाहेर न काढता म्हणाला, "माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"बुरशी. बरीच वर्षं आहे. एवढी वाढली असेल असं वाटलं नव्हतं."

मी भडकलेच. "मग डबा घेऊन आलास कशाला? आधी सांगायचं नाही?"

तो बाहेर आला, तेलाचे हात पुसत. "लेन्स चांगली नाही म्हटलं असतं, तर मी कुठल्या निमित्ताने आलो असतो?"

असं असतं का उत्तर? मी कॅमेऱ्याचं विचारतेय आणि हा निमित्ताच्या गोष्टी करतोय. तशीच निघून आले. मग आठवलं की पन्नासची लेन्स माझ्याकडे नाही, परत गेले, ती घेतली, आणि पुन्हा रागाने निघून आले.

१४ जून

पन्नासची लेन्स स्वच्छ आहे, उजेडही भरपूर घेते. पण रुंद नाही. चर्चच्या आतून अर्धेच बाक येतात. मी मागे सरकत राहिले. दर्शनी भिंत जिथे उभी राहायचीय तिथपर्यंत आले, तरी कडेचे बाक बाहेर. आणखी मागे. ओसरी, पायऱ्या, अंगण. अंगणाच्या टोकाला पोचले आणि बघते तर काय! मधे भिंतच नाही म्हणून सगळं चर्च उघडं, या खांबापासून त्या खांबापर्यंत एकूण एक बाक फोटोत. आणखी चार पावलं मागे आले असते तर पाण्यात पडले असते. लहान सेन्सर घेतला असता तर समुद्रात उभं राहूनच फोटो काढावा लागला असता.

पण भिंतीचं काम सोमवारी सुरू होणार! आत्याकडे धावले. आत्या पंखा घेऊन थेट कंत्राटदारासमोर.

"भिंत थांबव."

"बाई, सिमेंट आलंय—"

"सिमेंट तुझं, भिंत माझी. पुढच्या सोमवारी सुरू कर. शनिवारी सगळं गाव पांढऱ्या कपड्यात इथे बसणार आहे."

"अर्पण तर ऑगस्टमध्ये आहे ना?"

"देवाला ऑगस्टमध्ये दाखवू. फोटोत आधी येऊ."

कंत्राटदाराने माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्याकडे पाहिलं.

१८ जून

पेनिटोआ आला. कॅमेरा उंच ठेवायला ट्रकच्या हौद्यावर फळी ठोकून देतो म्हणाला. मी अजून रागावले आहे असं सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे, आणि फळी ठोकत बसला. जेवून गेला. रागाचं काय करायचं ते नंतर बघू, शनिवार जवळ आलाय.

२३ जून

कुठून सुरू करू.

सकाळपासून गाव पांढरंशुभ्र. बायका पांढऱ्या पायघोळ पुलेतासीत, डोक्यावर पांढऱ्या टोप्या, पुरुष पांढऱ्या कोटात. ज्यांच्यात बोलणं बंद आहे ती दोन घरंसुद्धा एकाच बाकावर, कारण आत्याने तसं बसवलं. आजारी माणसांना खुर्चीसकट आणलं. दुकानदाराने दुकान बंद केलं. धक्क्यावरच्या कुत्र्यालाही कुणी हाकललं नाही.

मी ट्रकच्या हौद्यात. पेनिटोआ खाली, ट्रकपाशी. फोकस आत्याच्या टोपीवर लावला. ती बरोबर मधे बसली होती. उजेड ठीक. कोपऱ्यातली म्हातारी ठीक. सगळे कान ठीक. मी हात वर केला.

"थांबा!" आत्या उभी राहिली. "सगळे आहेत का?"

"आहेत!" गाव ओरडलं.

"नाहीत," आत्या म्हणाली आणि पंखा माझ्याकडे रोखला. "ती नाही. ट्रकपाशी उभा आहे तोही नाही."

मी म्हटलं, "आत्या, मग बटण कोण दाबणार?"

"फुआरोसा," कुणीतरी म्हणालं आणि गाव खो-खो हसत सुटलं. फुआरोसा सगळ्यांत जास्त.

पापांनी आपल्या शेजारची जागा हाताने पुसली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ती त्यांनी सकाळपासून कुणाला बसू दिली नव्हती. काठी आडवी ठेवली होती तिच्यावर.

कॅमेऱ्यात टायमर आहे, दहा सेकंदांचा. लावला. बटण दाबलं. पेनिटोआने हौद्यातून मला अक्षरशः उचलून खाली ठेवलं आणि म्हणाला, "पळ!"

मी पळाले. अंगण, पायऱ्या, ओसरी. पुलेतासी घोट्यांत अडकतेय, एक चप्पल पायरीवर राहिली, टोपी उडाली. मागे पेनिटोआ माझी टोपी पकडायला. आणि सगळं गाव एका सुरात ओरडतंय, "पळ, लुपे, पळ!" होडीला ओरडतात तस्सं. पापा काठी वर धरून उभेच राहिले. मी बाकांच्या मधल्या वाटेत अर्ध्यावर पोचले आणि मागे वळून पाहिलं, तर टायमरचा लाल दिवा विझलेला, फोटो निघून गेलेला.

फोटो मोठा करून पाहिला. सगळं गाव आहे. एकाचाही कान कापलेला नाही. फक्त समोर कुणीच बघत नाहीये. सगळे माझ्याकडे बघून हसतायत, तोंडं उघडी, पाद्रीबाबासुद्धा. मधल्या वाटेत मी, एक पाय हवेत, एक पाय अनवाणी. मागे माझी टोपी हातात धरलेला पेनिटोआ. आत्या तर इतकी हसतेय की डोळे दिसत नाहीत. आत्याला दात आहेत हे मला आजच कळलं.

"पुन्हा काढू?" मी विचारलं. "नीट बसून?"

आत्याने कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांजवळ नेला. खूप वेळ पाहिलं. कोपऱ्यापर्यंत, एकेक बाक.

"नाही," म्हणाली. "हाच."

आणि टोपी नीट करायचं निमित्त करून खांबामागे गेली.

२५ जून

भिंत सुरू झाली.

समितीची बैठक. फोटोची प्रत प्रत्येक घराला हवीय, ऑकलंडच्या आणि सिडनीच्या नातेवाइकांनाही. त्या विक्रीतून नवी, बुरशी नसलेली रुंद लेन्स घ्यायचं ठरलं, आपल्याच माउंटची. ऑगस्टच्या आत येईल. आत्या म्हणाली, मागणी माझ्या नावाने करायची, आणि येईल तेव्हा सही करून मीच ताब्यात घ्यायची.

"आत्या, मी शनिवारी जाणार."

"अच्छा," आत्या म्हणाली. "मग ऑक्टोबरात पोरांचा पांढरा रविवार आहे, त्याचे फोटो फुआरोसा काढेल."

फुआरोसाने अंगठा वर करून दाखवला. तोच अंगठा.

मी घरी येऊन ऑकलंडला फोन केला. लाँड्रीतल्या बाईंना म्हटलं, रजा वाढवून मिळेल का. त्या म्हणाल्या, किती दिवस? मी बोटांवर ऑगस्ट मोजला, ऑक्टोबर मोजला. मग म्हटलं, माझी जागा भरून टाका. फोन ठेवला आणि अंगणात जाऊन उगाच दोनदा झाडून काढलं. पापांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

लेन्ससाठी तरी कुणी थांबायला नको का?

२८ जून

पेनिटोआ रविवारच्या जेवणानंतर पापांना भेटायला येणार आहे. आमच्या छपराचे पत्रे बदलायला झालेत, त्याबद्दल असेल. त्याची थोरली बहीणही पलीकडच्या उपोलू बेटावरून येतेय म्हणे. आणि पाद्रीबाबा. डुक्कर भाजायचं चाललंय पेनिटोआच्या घरी. पापांना सांगितलं तर म्हणाले, "हो, मला माहीत आहे," आणि मला नवी पुलेतासी घालायला सांगितली.

पत्र्यांसाठी पाद्री कशाला लागतो? आणि बहीण? छपरावर चढणार आहे का ती?

लिहिता लिहिता हात थांबला.

उठले, आत जाऊन आरशात पाहिलं. केस नीट केले, मोकळे सोडले, परत बांधले. मग पुन्हा लिहायला बसले, पण काय लिहायचं होतं ते काही केल्या आठवत नाहीये, आणि बाहेर पापा एकटेच गाणं म्हणतायत.